विळी माळ्यावर ठेवली तेव्हा

परवा एक रील बघितलं. कुणीतरी बाथरूमला फरशी बसवतंय, सगळं कसं सरळ रेषेत, आणि शेवटची एकच फरशी मुद्दाम उलटी लावलीये. खाली कॉमेंटचा पाऊस. "माझा ओसीडी रडतोय", "ओसीडीवाल्यांनी बघू नका रे", "मी पण जाम ओसीडी आहे, मला डबे एका लायनीतच लागतात". ओसीडी म्हणजे खरं तर नको ते विचार परत परत येण्याचा आणि ते शांत करायला तीच तीच गोष्ट करत राहण्याचा मानसिक आजार, पण इथे तो टापटिपीचा विनोद. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर विळी होती, ती पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. ही विळी आठ महिने आमच्या माळ्यावर होती. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली आणि वर प्रवासाची मोठी बॅग ठेवलेली, म्हणजे काढायला कुणालाही कष्ट पडावेत अशी. ठेवली होती मीच.

माझा मुलगा बावीस दिवसांचा होता. मी माहेरी, मिरजेला. आई खाली बसून विळीवर मेथी चिरत होती, मी शेजारी, मांडीवर बाळ. आणि डोक्यात एक विचार आला, आत्ता मी याला त्या पात्यावर टेकवलं तर. बस, एवढंच. एका सेकंदाचा विचार. पण अंग असं गार पडलं की मी बाळ आईच्या हातात दिलं आणि चक्कर येतीये सांगून आत जाऊन पडले. आई म्हणाली, बाळंतिणीला होतं असं, डिंकाचा लाडू खा.

लाडू खाल्ला. विचार दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशी येण्याआधीच मी त्याची वाट बघत बसले होते. लहानपणी ऐकलेली ती गोष्ट आठवते का, वैद्य औषधाची पुडी देतो आणि सांगतो, अगदी गुणकारी आहे फक्त घेताना माकडाची आठवण काढायची नाही, आणि त्या माणसाला जन्मात माकड कधी आठवलं नव्हतं ते आता पुडी हातात घेतली की समोर येऊन बसतं. १९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच पांढऱ्या अस्वलावर करून दाखवलं. लोकांना सांगितलं अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आपल्या वैद्याला माकड पुरलं होतं. असो. माझं माकड विळी होतं.

पुण्याला सासरी आले तोवर विळीला फाटे फुटले होते. विळी, मग चाकू, मग कात्री, मग चौथ्या मजल्याची गॅलरी, मग आंघोळीचं पाणी. विळीचं पातं हलतंय असं सासूबाईंना सांगून ती माळ्यावर गेली. गॅलरीच्या दाराला मी कुलूप लावलं, कबुतरं येतात म्हणून. बाळाला आंघोळ घालायला बाई होत्या पण त्या सुट्टीवर गेल्या तर मी नवऱ्याला ऑफिसला जाऊ द्यायचे नाही. एकटीने बाळाजवळ बसायचं नाही हा नियम मी स्वतःला घातला, आणि बाहेरून ते कसं दिसत होतं ते मला कळतही होतं. एक चुलतसासू म्हणाल्याच, हिला लेकराचा लळाच नाही लागला गं. मी तेव्हा काही बोलले नाही. काय बोलणार? लळा आहे म्हणूनच लांब बसलीये, असं?

मग रात्रीचा फोन सुरू झाला. बाळाला पाजताना एका हातात बाळ, दुसऱ्या हातात फोन, ब्राइटनेस अगदी कमी, आणि इनकॉग्निटो, कारण मला वाटायचं उद्या पोलिसांनी फोन तपासला तर. मराठीत टाइप केलं "बाळाला इजा करण्याचे विचार येतात" तर त्या रात्री मला जे मिळालं त्यात बाळाची दृष्ट कशी काढावी, बाळंतिणीला बाहेरचं लागलं तर काय करावं, आणि दोन बातम्या, ज्या मी वाचायला नको होत्या. इंग्लिशमधे टाकलं आणि कुठल्याशा देशातल्या एका अनोळखी बाईने लिहिलेलं सापडलं. ती सुऱ्या टॉवेलमधे गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवायची. गाडीच्या डिकीत! मी तोंडावर पदर दाबून रडले, बाळ उठेल म्हणून. त्या पानावर त्याला नाव होतं, बाळंतपणानंतरचा ओसीडी. इंटरनेटवर लोक काय वाट्टेल ते लिहितात असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते, त्या बाईने लिहिलं नसतं तर मी डॉक्टरकडे गेलेच नसते.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि हाच भाग कुणी सांगत नाही म्हणून मी हे लिहायला बसलीये.

ते पान वाचून मला जे बरं वाटलं ते साधारण पंधरा मिनिटं टिकलं. मग शंका आली, की तिला विचारांची किळस यायची, मला परवा आली होती का नक्की? नीट आली होती का? की मी सवयीने नुसतं दचकले? परत वाचलं. परत बरं वाटलं, यावेळी दहा मिनिटं. त्याच लेखात खाली लिहिलं होतं की प्रसूतीनंतरची सायकोसिस, म्हणजे खऱ्याखोट्याचं भान सुटणं, ही वेगळी गोष्ट असते, तर मी सायकोसिसवर वाचायला लागले, मग मला आवाज ऐकू येतात का ते तपासायला कान देऊन बसायचे, आणि रात्री तीन वाजता कान देऊन बसलं की पुण्यात काही ना काही ऐकू येतंच. "तुम्हाला ओसीडी आहे का? दहा प्रश्न" असल्या टेस्ट मी एका रात्रीत सहा-सहा वेळा सोडवायचे, आणि आहे असं उत्तर आलं की सुटल्यासारखं वाटायचं, कारण ओसीडी असेल तर मी खुनी नाही. अनोळखी लोकांच्या पोस्टखाली लिहिणाऱ्या सगळ्या प्रेमळ बायका, "डोंट वरी, यू आर अ गुड मदर", त्या मी औषधासारख्या घ्यायचे. दिवसाला चाळीस गोळ्या.

डॉक्टरांपर्यंत जायला साडेतीन महिने लागले. आधी ज्यांनी बाळंतपण केलं त्यांना अर्धवट सांगून बघितलं, "मनात वाईट विचार येतात", तर त्या म्हणाल्या, पॉझिटिव्ह राहा, सगळ्यांनाच होतं. एका नातेवाईकांनी रामरक्षा म्हणायला सांगितली. मनापासून सांगितली, त्यांचा काही दोष नाही. मी म्हणायला लागले. रामरक्षेत डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं रक्षण मागितलेलं आहे, तर एकेका अवयवापाशी माझ्या डोळ्यासमोर बाळाचा तो अवयव यायचा आणि तो विचार. आला की पाठ अशुद्ध झाला, परत पहिल्यापासून. कधी एक रामरक्षा पूर्ण व्हायला पाऊण तास लागायचा.

आपल्याकडे ओसीडीला मराठीत एक शब्द आहे, मंत्रचळ. मानसोपचारावर मराठीत लिहिणारे डॉक्टर वापरतात तो. जुन्या लोकांच्या बोलण्यात मंत्रतंत्र करता करता डोकं फिरलं अशा अर्थी यायचा. मला त्या पाऊण तासाच्या रामरक्षेनंतर तो शब्द आतून कळला. मंत्र तोच, देवही तोच, पण माणूस अडकलाय, रेकॉर्डची सुई अडकावी तसा, आणि बाहेरच्याला वाटतंय किती भाविक आहे बाई.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आत्याबद्दल. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आत्या चार-चार महिने माहेरी, म्हणजे आमच्याकडे यायची. तिची आंघोळ दीड तास चालायची. नळ धुवायचा, मग धुतलेल्या नळाला हात लागला म्हणून हात धुवायचे, मग हात धुताना नळ बंद करायला परत हात लावला. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, थंडीत त्यातून रक्त यायचं आणि ती त्यावर हळद लावायची आणि मग हळदीचे हात धुवायची. गावात सगळे म्हणायचे, फार कडक सोवळं आहे हो तिचं. आजोबा एकदाच पडवीत हळू आवाजात म्हणाले होते, सोवळं कसलं, मंत्रचळ लागलाय पोरीला.

आता ऑनलाइन मी हेही बघते, "आपल्या आज्यांचं सोवळं म्हणजे डायग्नोस न झालेला ओसीडी होता" असं कुणीतरी ठोकून देतं आणि वीस हजार लाइक. नाही हो. माझी आजीपण सोवळ्यात स्वयंपाक करायची. त्यात जात होती, शिवाशिव होती, त्याचं कौतुक मी करणार नाही, पण तो आजार नव्हता. आजीचं सोवळं दहा वाजता संपायचं. पूजा झाली, नैवेद्य झाला, की ती पितांबर सोडून नेहमीचं पातळ नेसून, चहाचा कप घेऊन दारात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. आत्याचं संपायचंच नाही. एवढा साधा फरक आहे आणि तो तीस सेकंदांच्या रीलमधे मावत नाही, कारण बाहेरून दोघी हातच धुतायत.

तर डॉक्टर. मी जाताना बॅगेत बाळाचा जन्मदाखला घेऊन गेले होते, का माहीत नाही, मला वाटलं होतं आता बाळ काढून घेतील आणि कागद मागतील. येरवड्याच्या रस्त्याने रिक्षा गेली तेव्हा तर माझा धीर सुटला (आपल्याकडे प्रत्येक भागाचा एक ठरलेला विनोद असतो ना, पुण्याचे म्हणतात येरवड्याला पाठवा, मुंबईचे ठाण्याला, कोकणातले रत्नागिरीला, विदर्भातले नागपूरला, चार सरकारी मनोरुग्णालयं आणि चार विनोद). डॉक्टरांनी सगळं ऐकलं, मान खाली घालून लिहीत होते, आणि मग विचारलं, विळी कुठे ठेवलीत? मी म्हटलं माळ्यावर. त्यांनी ते पण लिहिलं. जणू सगळ्यांच्याच विळ्या माळ्यावर असतात.

त्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली, येल-ब्राउन म्हणतात तिला, १९८९ पासून वापरात आहे, प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ४०. मला २७ मिळाले. शाळेत गणितात मिळायचे त्यापेक्षा जास्त. गंमत म्हणजे त्या प्रश्नांमधे फरशी, डबे, पेन्सिली असलं काहीच नाही. दिवसातले किती तास जातात, किती त्रास होतो, अडवायला गेलं तर किती अडवता येतं, हे विचारतात. डबे एका लायनीत लावून ज्याला छान वाटतं त्याचा स्कोअर शून्य येईल. मला माझ्या आजारात छान वाटलेला एकही क्षण आठवत नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे वाचूनही काढलं. असले विचार येणं हा आजारच नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोघांनी १९७८ मधे साध्या, धडधाकट लोकांना विचारलं तर त्यातल्या बहुतेकांनी कबूल केलं की अचानक घाणेरडे, हिंसक, देवाधर्माबद्दल अभद्र विचार त्यांनाही येतात. कॅनडातल्या एका अभ्यासात नव्या आयांपैकी जवळपास निम्म्यांना बाळाला मुद्दाम इजा करण्याचे विचार येऊन गेलेले होते. निम्म्यांना! म्हणजे लसीकरणाच्या रांगेत माझ्या पुढेमागे उभ्या असलेल्या बायका. फरक एवढाच की त्यांच्या डोक्यातून तो विचार रस्त्यावरच्या रिक्षेसारखा निघून जातो, आणि आम्ही रिक्षा थांबवून ड्रायव्हरची झडती घेतो.

सायकोसिसचं मात्र स्पष्ट सांगते कारण इथे गोंधळ व्हायला नको. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होते, त्यात बाई झोपेनाशी होते, भलतंच बरळते, आवाज ऐकते, बाळात काहीतरी शिरलंय असं तिला खरंच वाटतं, आणि त्या विचारांची तिला भीती वाटत नाही, ते तिला पटलेले असतात. तिथे वाट बघायची नाही, बाळासकट तिला एकटं सोडायचं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. आणि कुणाला विचारावं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, २०२२ पासून, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

मला गोळी सुरू झाली, सर्ट्रालिन, अंगावर पाजत होते म्हणून ती निवडली. ओसीडीत हळू चढते आणि डोसही डिप्रेशनपेक्षा बरेचदा जास्त लागतो, आठ ते बारा आठवडे तरी थांबा म्हणाले. पण खरं काम केलं ते थेरपीच्या मॅडमनी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, नवऱ्याला विचारता ना, मी काही केलं नाही ना म्हणून? तो नाही म्हणाला की किती वेळ बरं वाटतं? मी म्हटलं, पंधरा मिनिटं. आणि अगदी सुरुवातीला? मी म्हटलं, दिवसभर. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला तेव्हा कळलं की मी काय खातीये.

या उपचाराची सुरुवात लंडनच्या व्हिक्टर मेयरने १९६६ मधे केली, रुग्णाला ज्याची भीती त्याच्याच समोर न्यायचं आणि मग हात धुणं वगैरे जे तो करतो ते करू द्यायचं नाही. ऐकायला दुष्टपणा वाटतो. माझा अभ्यास असा होता: आधी विळीचा फोटो बघायचा. मग विळी माळ्यावरून खाली. मग ओट्यावर. मग बाळ बाहेरच्या खोलीत असताना कोथिंबीर चिरायची. मग बाळ पाळण्यात, पाळणा स्वयंपाकघरात, आणि मी दोडका चिरतीये, घामाघूम. आणि गूगल बंद. टेस्ट बंद. ते डिकीतल्या सुऱ्यांचं पान, जे मला बायबल होतं, ते बंद. मॅडम म्हणाल्या माहिती एकदा घ्यायची, दुसऱ्यांदा घेतली तो आजार.

नवऱ्यालाही अभ्यास होता. मी विचारलं, "मी काही केलं नाही ना?" तर त्याने म्हणायचं, "कदाचित केलं असशील, कदाचित नसशील, याचं उत्तर मी देणार नाही." बिचाऱ्याला पहिले आठ दिवस ते वाक्य म्हणताना घाम फुटायचा. सासूबाईंनी एकदा ऐकलं आणि भडकल्याच, "अरे नाही केलंस असं सांग की तिला, तोंड दुखतं का तुझं?" त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे कुणी घाबरलं की पाठीवर हात ठेवून "काही होत नाही गं" म्हणायचं हीच माया. शत्रूलासुद्धा आपण एवढं म्हणतो. आणि इथे मला बरं करायचं तर माझ्या माणसांनी माया रोखून धरायची होती, हे त्यांना समजवायला आम्हाला दोन चहा आणि एक भांडण लागलं. नंतर त्यांनीच चोख केलं हं, नवऱ्यापेक्षा. मी विचारलं की म्हणायच्या, "मला काय विचारतेस, मी काय तिथे होते? लसूण सोल."

आठ महिन्यांनी विळी खाली आली, वर्षाने स्कोअर ११ झाला. विचार अजूनही येतो कधीतरी. येतो, जातो.

या सगळ्यानंतर ऑनलाइन मानसिक आरोग्याबद्दलचं बोलणं वाचताना माझी पंचाईत होते. एकीकडे "आमच्या वेळी कुठे होतं हे डिप्रेशन-बिप्रेशन, रिकामपणाचे धंदे" म्हणणारे काका, त्यांना मला आत्याचे हात दाखवावेसे वाटतात. दुसरीकडे ज्याच्या त्याच्या तोंडी ट्रॉमा, ट्रिगर, टॉक्सिक, आणि प्रत्येकीची सासू नार्सिसिस्ट. (माझी सासू नार्सिसिस्ट नाही. कटकटी आहे. त्याला मराठीत चांगला शब्द आहे, तो वापरा.) शब्द पसरले याचा मला राग नाही, शब्दामुळेच मी वाचले. पण ओसीडीचा जो भाग दिसायला गोड आहे तेवढाच पसरला, रंगवार लावलेल्या पेन्सिली. विळीचं रील कुणी करणार नाही, आणि जी बाई आज रात्री विळी लपवतीये ती पेन्सिलींचं रील बघून म्हणणार, मला काही ओसीडी नाही बाई, माझं कपाट केवढं पसरलेलं आहे, म्हणजे मी राक्षसच.

आणि तिसरी गोष्ट, आम्ही बरे झालेले किंवा होत आलेले लोक. कुणी घाबरून लिहिलं की आम्ही धावतो, "तू तशी नाहीस, काळजी करू नको". मीपण धावायचे. एका बाईने मला तीन महिन्यांत दोनशेच्या वर मेसेज केले, प्रत्येकात तोच प्रश्न, आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं. स्वतःला फार चांगली समजत होते मी तेव्हा.

गेल्या महिन्यात रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आतेबहीण. त्याच आत्याची धाकटी मुलगी, पाच आठवड्यांपूर्वी मुलगी झाली तिला. "ताई जागी आहेस का. एक विचारू, तू मला वाईट नाही ना समजणार." मग लांबलचक मेसेज, एकही पूर्णविराम नाही, आणि दुसऱ्या ओळीत मला सगळं ओळखू आलं. तिच्याकडे विळी नव्हती, उशी होती. शेवटी लिहिलं होतं, "मी तशी नाही ना गं?"

मी टाइप केलं, "नाही गं राणी, अजिबात नाही." अंगठा सेंडवर होता. मग पुसलं.

आधी विचारलं, झोप लागते का, कसले आवाज ऐकू येतात का, या विचारांचं काय वाटतं. म्हणाली झोप बाळामुळे तुटते पण लागते, आवाज नाहीत, विचार आला की ओकारी येते. मग लिहिलं, "हे मला पण झालं होतं. माझी विळी आठ महिने माळ्यावर होती. याला नाव आहे आणि औषध आहे. सकाळी फोन करते, या आठवड्यात आपण दोघी माझ्या डॉक्टरांकडे जाऊ."

बराच वेळ नुसतं टायपिंग दिसत होतं. मग आलं, "पण मी तशी नाही ना ताई?"

मी फोन हातात धरून बसले. बाहेर पाऊस होता. दहा वर्षांचा झाला तरी माझा मुलगा पांघरूण लाथाडतो, ते मी नीट केलं, परत येऊन बसले. लिहिलं, "बाळ काय करतंय आत्ता?"

दोन मिनिटांनी आलं, "झोपलीये. माझ्या हातावर. हात मेलाय पूर्ण."